हातातून हातात

शाळेच्या बसमधून निवृत्त झालेल्या बाईला घरच्यांनी काय द्यावं? एखादी आरामखुर्ची द्यावी, गुडघ्यांना चोळायचं तेल द्यावं, फार तर चांगल्या चपला. मावशींच्या मुलाने आणि सुनेने त्यांना बोटीची सहल दिली. अनेक मजल्यांची बोट, चारी बाजूंना पाणीच पाणी, आणि सोबत पाच वर्षांची नात. बातमी ऐकून मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. घरच्यांना वाटलं, आनंदाने बाईंना शब्द सुचत नाहीयेत.

या मावशी कुणा एकाच्या मावशी नव्हत्या. शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवणं आणि उतरवणं हेच त्यांनी जन्मभर केलं, त्यामुळे निम्म्या गावाच्या त्या मावशी होत्या. काही मुलं मोठी होऊन स्वतःच्या मुलांना त्याच थांब्यावर घेऊन उभी राहू लागली, तरी मावशी त्यांनाही "बुटाची नाडी बांध" म्हणायच्या आणि ती मुकाट्याने खाली वाकून नाडी बांधायची. बस चालवायला किती ड्रायव्हर आले आणि गेले. मावशी दाराच्या पहिल्या पायरीवर होत्या तिथेच होत्या.

त्यांचा नियम एकच. मूल हातातून हातात गेलं पाहिजे. आईच्या हातातून मावशीच्या, मावशीच्या हातातून शाळेतल्या बाईंच्या. "मधे हवा नको," असं त्या म्हणायच्या. एखादी आई रस्त्याच्या पलीकडून हात हलवून "सोडा हो मावशी, येईल ती," म्हणाली, तर मावशी बस थांबवून ठेवायच्या. मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या, ड्रायव्हर कपाळाला हात लावायचा, आणि ती आई ओशाळून रस्ता ओलांडून यायची. मावशींच्या बसमधलं मूल कधी हरवलं नाही. हे त्या अभिमानाने सांगायच्या नाहीत, कारण सांगितलं की दृष्ट लागेल अशी त्यांना भीती होती.

भीती तशी त्यांना आधीपासूनच होती, पण तिला रूप आलं ते नोकरीच्या सुरुवातीच्या एका दुपारी. थांब्यावर एक गृहस्थ उभा होता. नीटनेटके कपडे, हसरा चेहरा. त्याने मुलाला नावाने हाक मारली आणि म्हणाला, "मी याचा काका. आज आईला जमणार नाही." मूल उतरायला निघालं. मावशींनी मागून त्याचं दप्तर धरलं. का धरलं, हे त्यांना आजही सांगता यायचं नाही. "आम्ही याला शाळेत परत नेतो, तिथून घेऊन जा," त्या म्हणाल्या. गृहस्थ शाळेकडे फिरकला नाही. मुलाला काकाच नव्हता. मग त्याला नाव कळलं कुठून? आईने ते दप्तरावर हौसेने मोठ्ठ्या अक्षरांत काढलं होतं. मावशींनी त्या दिवशी कानाला खडा लावला. मुलाचं नाव जगाने वाचायचं कारण नाही. पुढे त्यांच्या बसमधल्या प्रत्येक दप्तरावरचं नाव आतल्या बाजूला गेलं.

आता अशा बाईला कुणी बोटीवर न्यावं का? पण मुलगा फ्रिज दुरुस्त करणारा, दिवसभर लोकांच्या स्वयंपाकघरात वाकलेला, त्याला मोकळी हवा हवी होती. सून दाताच्या डॉक्टरकडे मदतनीस. ती लिहिलेली सूचना वेदवाक्य मानणारी. आणि नात, जिला घरात सगळे भिंगरी म्हणत, ती तर आठवडाभर आधीपासून आंघोळीच्या टबात बसून भोंगा वाजवत होती. तिघांपुढे मावशींचं काय चालणार?

तिकिटांच्या ऑफिसातला चष्मेवाला माणूस बोलका होता. पहिल्यांदाच कुटुंब घेऊन बोटीवर जाणारी माणसं दिसली की त्याला उपदेशाचं भरतं यायचं.

"औषधं, पोहायचे कपडे आणि प्रत्येकाचा एकेक जोड हातातल्या पिशवीत ठेवा," तो म्हणाला. "मोठ्या बॅगा खोलीत पोचायला वेळ लागतो."

"म्हणजे हरवतात," मावशी म्हणाल्या.

"हरवत नाहीत हो. उशीर होतो."

"हरवणारा माणूस आधी हेच सांगतो."

"आई, त्यांना बोलू दे ना," मुलगा म्हणाला.

"खोली खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मधोमध घ्या. हेलकावे कमी लागतात. गॅलरीची खोली घेतलीत तर खुर्ची कठड्याजवळ ठेवू नका, मुलं चढतात."

मावशींनी सुनेकडे पाहिलं. गॅलरी तिथल्या तिथे रद्द झाली.

चष्मेवाल्याने आणखी बरंच सांगितलं. फोन चालेलच असं नाही, म्हणून भेटायची एक जागा आधीच ठरवून ठेवा. पहिल्याच दिवशी सगळं बघायच्या नादात मुलांना दमवू नका. मुलांचं वेगळं खेळघर असतं, तिथे त्यांना बिनधास्त सोडा. आणि मुलांच्या मनगटाला पट्टा बांधतात, तो सहल संपेपर्यंत काढायचा नाही, आंघोळीलासुद्धा नाही. सून मान डोलावत होती. मावशी "बिनधास्त" या शब्दाशीच अडल्या होत्या. मुलांच्या बाबतीत हा शब्द वापरणाऱ्या माणसाला त्यांनी बसच्या पायरीवरसुद्धा उभं केलं नसतं.

बोटीवर चढताना पाण्याकडे पाहायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं आणि चढताना त्यांनी फक्त पाणीच पाहिलं. बोट हलते हे कुणाला कळत नव्हतं, त्यांना कळत होतं. बंदर मागे पडेपर्यंत त्यांचं डोकं गरगरायला लागलं आणि त्या खोलीत डोळे मिटून आडव्या झाल्या. तेवढ्या वेळात मुलगा आणि सून खेळघरात जाऊन भिंगरीचं नाव घालून आले. संध्याकाळी सगळ्यांना डेकवर गोळा करून संकटाच्या वेळी काय करायचं ते दाखवलं, तेव्हा मात्र मावशी भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"मुलं खेळघरात असताना भोंगा झाला," बोटीवरचा अधिकारी सांगत होता, "तर त्यांना आणायला कुणी खाली जायचं नाही. आम्ही त्यांना पट्ट्यावर लिहिलेल्या जागी, तुमच्याकडे आणून देऊ. तुम्ही आपल्या जागेवर थांबायचं."

"म्हणे थांबायचं," मावशी पुटपुटल्या. "आग लागली की आईने रांगेत उभं राहायचं."

"आई, नियम आहे तो," सून हळूच म्हणाली. "सगळेच खाली धावले तर जिना अडेल."

हे बोलणं शहाणपणाचं होतं. मावशींनी स्वतः हेच बसमध्ये हजारदा सांगितलं असतं. पण नियम आपण केलेला असला की तो शहाणपणाचा वाटतो आणि दुसऱ्याने केलेला असला की त्याला काळीज नाही असं वाटतं.

परत येऊन त्यांनी भिंगरीचा हात दिव्याखाली धरला. पिवळाधम्मक पट्टा. त्यावर तिचं नाव, खोलीचा नंबर आणि जमायच्या जागेचा आकडा. लांबूनसुद्धा वाचता येईल असा. नाव तर होतंच, वर घराचा पत्ताही. बोटीवर हजारो माणसं, त्यातला एक हसरा, नीटनेटका माणूस पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आणि सून नाश्त्याला पुढे गेले. भिंगरीला खेळघरात सोडायचं काम मावशींनी मागून घेतलं. निघण्यापूर्वी त्यांनी शिवणाच्या डबीतली कात्री काढली.

"आजी, आई म्हणाली काढायचा नाही."

"आईला मी सांगते. तू हात स्थिर ठेव."

पट्टा कापून त्यांनी पर्समध्ये टाकला. सुनेला ही गोष्ट दुपारी सावकाश समजावून सांगायची असं त्यांनी ठरवलं. वाद घालायचा तो पोटभर जेवल्यावर घालावा, असा त्यांचा अनुभव होता.

खेळघराच्या दारात हिरवा शर्ट घातलेली एक तरुण ताई उभी होती. तिने भिंगरीचं मनगट पाहिलं. "पट्टा?"

"खोलीत राहिलाय," मावशी म्हणाल्या.

"त्याशिवाय घेता येत नाही, आजी."

"मी घेऊन येते नंतर. तू आत घे तिला. मागे बघ किती मुलं खोळंबलीत." हा आवाज बसच्या पायरीवर तयार झालेला होता. त्यापुढे मुख्याध्यापकसुद्धा गप्प बसत. ताई घुटमळली, तिने मागच्या रांगेकडे पाहिलं आणि बाजूला झाली. भिंगरी आत पळाली. आपण नेमकं काय केलं हे मावशींना तेव्हा कळलं नाही. एका चांगल्या पोरीला त्यांनी मूल मधल्या हवेत घ्यायला लावलं होतं.

भोंगा झाला तेव्हा त्या वरच्या मजल्यावर, भिंतीलगतच्या बाकावर बसल्या होत्या. आखूड, आखूड, आखूड भोंगे आणि मग एक लांबलचक. सरावाच्या वेळी भोंगा वाजल्यावर लोक हसले होते. आता कुणी हसलं नाही. एका बाईच्या हातातला कप फरशीवर पडला आणि तिने खाली पाहिलंसुद्धा नाही. नळीतून आल्यासारखा एक आवाज, सगळ्यांनी शांतपणे आपापल्या जागी जावं, असं सांगू लागला. तो आवाज फारच शांत होता. मावशींना माहीत होतं, बसचा ब्रेक लागत नाही तेव्हा ड्रायव्हर असाच बोलतो.

त्या उठल्या आणि खाली निघाल्या.

जिन्यावर माणसांचा लोंढा वर येत होता. मावशी कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरत होत्या. कुणाचा खांदा लागला, कुणी "अहो बाई, वर चला" म्हणालं. दुसऱ्या वळणावर त्यांच्या नाकाला वास आला. जळक्या कापडाचा, इस्त्री कपड्यावर विसरल्यावर येतो तसा. आता त्यांना माणसं दिसेनाशी झाली, फक्त पायऱ्या दिसत होत्या.

खालच्या दारात एक खलाशी हात आडवे करून उभा होता.

"इकडे नाही. वर जा."

"माझं लेकरू आहे तिकडे."

"खेळघर रिकामं झालं. सगळी मुलं वर गेली."

"कुणी नेली? कुठे नेली?"

"पट्ट्यावर जी जागा असेल तिथे. आई-बापांकडे. जा बरं तुम्ही."

मावशी जागच्या जागी थिजल्या. त्यांनी पर्सवर हात ठेवला. पिवळ्या पट्ट्याचा टोकदार कोपरा कापडातून बोटाला लागला. भिंगरीला कुठे न्यायचं ते या पर्समध्ये होतं. तिला वर नेणाऱ्या कुणालाही ते माहीत नव्हतं, आणि भिंगरीला तर आपल्या खोलीचा नंबरही सांगता येत नव्हता.

"मी कापला," त्या म्हणाल्या. खलाशाला काही समजलं नाही. कुणीतरी त्याला पलीकडून हाक मारली, तो वळला, आणि मावशी त्याच्या हाताखालून आत गेल्या.

खेळघराचं दार उघडं होतं. बोटीच्या हेलकाव्याबरोबर रंगीत खडू फरशीवर इकडून तिकडे घरंगळत होते. छोट्या खुर्च्या, अर्धवट चित्रं, एका पायातला मोजा. मावशींनी भिंगरीचं खरं नाव घेऊन हाक मारली. मग टेबलांखाली वाकून पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, छोट्या संडासात पाहिलं. बसमध्ये शेवटच्या थांब्यानंतर त्या अशाच प्रत्येक सीटखाली वाकायच्या, आणि कुणी सापडलं नाही की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. आज कुणी सापडलं नाही आणि त्यांना रडू फुटलं.

सुनेकडे जावं? कोणत्या तोंडाने? "तुझी पोर कुठे आहे ते मला माहीत नाही" हे वाक्य त्यांनी आयुष्यात कुठल्याही आईला ऐकवलं नव्हतं. ते वाक्य टाळण्यासाठीच त्या जन्मभर पायरीवर उभ्या राहिल्या होत्या. नाही, आधी सापडू दे. त्या कशाबशा वर चढल्या आणि उघड्या डेकवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शोधू लागल्या.

वारा कानात घुसत होता. जागोजागी माणसांचे घोळके, सगळ्यांच्या अंगावर नारिंगी जॅकेटं. मुलांची तर नुसती डोकी वर दिसत होती. मावशी बसमधल्या मुलाला पाठमोरं पाहून ओळखायच्या, कुणाचा खांदा पडलेला, कुणाचं दप्तर एकीकडे. जॅकेटात सगळी एकसारखीच झाली होती. कठड्यापलीकडे पाणी मागे मागे सरकत होतं आणि त्यात काहीही पडलं तरी क्षणात दिसेनासं होईल, हा विचार त्यांनी पुन्हा पुन्हा ढकलला आणि तो पुन्हा पुन्हा आला. देवा, हात तोडून घे माझा, त्या मनात म्हणत होत्या, ज्या हाताने कापला तो घे.

शेवटून दुसऱ्या घोळक्याच्या कडेला एक पोर एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाने पोटरी खाजवत होती. जगात असं फक्त भिंगरी उभी राहायची. तिचा हात हिरव्या शर्टाच्या ताईने धरला होता, इतका घट्ट की ताईची बोटं पांढरी पडली होती.

"भिंगरे!"

"आजी! आम्ही पळालो!"

मावशींनी हात पुढे केले. ताई भिंगरीला घेऊन एक पाऊल मागे सरकली.

"नाही देता येणार, आजी."

"अगं, मीच नाही का सकाळी सोडलं हिला?"

"तुम्ही सोडलंत. पण न्यायला आई आणि बाबा, एवढीच नावं आहेत माझ्याकडे. आणि हिच्या हाताला पट्टा नाही. सकाळी मी तुमचं ऐकलं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आता नाही ऐकणार."

"आजी आहे ती माझी," भिंगरी म्हणाली.

"असेल, बाळा," ताई म्हणाली आणि हात सोडला नाही.

मावशींना आधी संताप आला. सगळं गाव जिच्या हातात पोरं देतं तिला ही कालची पोर नाही म्हणते? मग त्यांनी त्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं. आपण तिच्या जागी असतो तर? दिलं असतं? दारात खोटं बोललेल्या बाईला? त्यांचे हात आपोआप खाली आले.

"नको देऊस," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे तुझं. धरून ठेव. हिच्या आईला निरोप धाड." आणि त्या तिथेच ओल्या फळ्यांवर बसल्या.

निरोप गेला. तोवर कळलं की धूर कपडे धुण्याच्या खोलीतल्या यंत्रातून आला होता आणि आता विझला होता. हेही कळलं की मोजणीत दोन माणसं कमी आल्यामुळे त्या जिन्यावरच्या खलाशाला पुन्हा धुरात पाठवलं होतं, एक म्हातारी आणि एक मूल शोधायला. तो खोकत खोकत त्यांच्यासमोरून गेला. त्याने मावशींना ओळखलं.

सून आली ती चालत. धावत नव्हती, चेहराही शांत होता. मागून मुलगा मात्र धापा टाकत आला. सुनेने भिंगरीला उचललं, तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि मग मावशींकडे पाहिलं.

"सगळ्यांची मुलं आली, हीच आली नाही," ती म्हणाली. "हे खाली धावत निघाले होते, लोकांनी धरून ठेवलं. मीच म्हटलं यांना, थांबा. आईही दिसत नाहीत ना, म्हणजे ती आईंजवळ आहे. आईंजवळ आहे म्हटल्यावर काळजी कसली? मी उभी राहिले मग."

याहून तिने मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. मावशींनी पर्स उघडली आणि पट्टा तिच्यासमोर धरला.

"मी कापला होता. ती माझ्याजवळ नव्हती. कुठे होती ते मला माहीत नव्हतं."

सुनेच्या चेहऱ्यावरची शांतता आता गेली. तिने भिंगरीला इतकं आवळलं की पोर कुरकुरली. तो दिवस तसाच गेला. सून ओरडली नाही, टोमणा मारला नाही, तिने मावशींच्या ताटात वाढलं, औषधाची आठवण केली. भांडण झालं असतं तर त्यांना कुठेतरी टेकता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं मिळून खेळघराच्या दारात गेली. भिंगरीच्या हातात नवा पट्टा होता. हिरव्या शर्टाच्या ताईने तो दोनदा वाचला आणि तिला आत घेतलं.

"न्यायला येणाऱ्यांत आणखी एक नाव घालायचंय," सून म्हणाली. "हिच्या आजीचं."

मावशी दचकल्या. "माझं नको."

"का, आई?"

"भीती वाटते."

"कशाची?"

"माझीच." हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मुलाला ऐकू गेलं नाही.

सुनेने काचेतून आत पाहिलं. "वर्षभर हिला मी तुमच्या बसमध्ये चढवत होते," ती म्हणाली. "रोज सकाळी भीती वाटायची. सगळं गाव तुमचं नाव घ्यायचं, तुम्ही तर हिच्या सख्ख्या आजी, तरी वाटायची. बस वळणावर जाईपर्यंत माझे पाय हलायचे नाहीत. काल जरा जास्त वाटली, एवढंच."

"मग चढवायचीस कशी?"

"तशीच," सून म्हणाली. "भीत भीत." आणि तिने ताईला मावशींचं पूर्ण नाव सांगितलं.

मुलगा आणि सून नाश्त्याला गेले. मावशी गेल्या नाहीत. आत भिंगरी पाठमोरी बसून काहीतरी रंगवत होती, तिला आजीची आठवणही नव्हती. जन्मभर मावशी बसच्या आत राहिल्या होत्या, थांब्यावर मागे उरलेल्या बायकांकडे त्यांनी कधी वळून पाहिलं नव्हतं. त्या काचेला हात टेकून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ त्यांचे पाय हलले नाहीत.